कयाक घ्यायची आहे : फुगवायची की कडक?

मालाडकर : मी मालाडला सहाव्या मजल्यावर राहतो. दोन वर्षे पवना जलाशयावर भाड्याची कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी अरुंद होडी, चालवतो आहे. आता स्वतःची घ्यावी म्हणतो. पावसाळा सोडून मनोरीच्या खाडीत, सकाळचे दोन-तीन तास, एकट्याने, एवढाच वापर असेल. माझे वजन 82 किलो आहे. फुगवायची घ्यावी की कडक प्लास्टिकची?

वल्हेकरी : आधी लिफ्ट मोजा. वर बसायची कडक कयाक साधारण 10 फूट लांब आणि 20 ते 25 किलोंची असते. ती जिन्याच्या वळणावर कशी अडकते हे मी सोसायटीच्या भिंतीचा रंग खरवडून शिकलो, आणि सेक्रेटरींचे त्यावरचे पत्र अजून जपून ठेवले आहे. तरीही खाडीसाठी मी कडकच सुचवेन, कारण ओहोटीला खडकांवरची कालवे उघडी पडतात आणि त्यांच्या कडा पात्यासारख्या लागतात. शिवाय तिच्या तळाला आरपार भोके असल्यामुळे आत आलेले पाणी आपोआप निघून जाते. छापील वहनक्षमतेच्या दोन-तृतीयांशांतच आपले वजन आणि सामान बसवावे. म्हणजे आपल्याला 130 किलोंच्या आसपासची हवी.

मुलुंडची : कालवांचे खरे आहे, पण बहुतेकांचा प्रश्न कयाक ठेवण्याचा असतो. माझी फुगवायची कयाक 14 किलोंची असून घडी करून माळ्यावर जाते. मात्र ती हलकी असल्याने आडवा वारा सुटला की भरकटते, म्हणून तळाला पंख लावता येणारीच घ्यावी. खाऱ्या पाण्यातून आणली की गोड्या पाण्याने धुऊन शिवणींपर्यंत वाळवावी लागते. मी एकदा आळस केला, तर पंधरा दिवसांनी घडी उघडताच कुबट वास आला. आणखी एक, उधाणाच्या दिवसांत मुंबईत भरती-ओहोटीतला फरक 4 मीटरच्या वर जातो, त्यामुळे परतण्याची वेळ चुकली तर कोणतीही कयाक चिखलातूनच ओढावी लागते. भरतीचे वेळापत्रक आणि लाइफ जॅकेट यांचा विचार कयाकच्या आधी करावा.

मालाडकर : लिफ्ट मोजली, तिरकी धरूनही 8 फुटांच्या वर काही मावणार नाही. मनोरीला मामांना फोन केला, तर जाळी वाळत घालतात त्या पडवीत कयाक ठेवायला ते तयार आहेत, फक्त मामींनी तिच्यात सुकट वाळवण्याचा हक्क राखून ठेवला आहे. तेव्हा कडकच घेतो. रुंदी 30 इंच असेल, तर वल्हे 230 सेंटिमीटरचे पुरेल ना?

वल्हेकरी : पुरेल. दोन तुकड्यांत सुटणारे घ्या, लोकलमधून नेता येते.