सणाच्या रोषणाईसाठी जुन्याच माळा वापराव्यात की एलईडीच्या नव्या घ्याव्यात?

प्रश्न

सणाच्या दिवसांत घरावर लावण्यासाठी आमच्याकडे साध्या, फिलॅमेंटच्या बल्बांच्या चार माळा आहेत. प्रत्येक माळेत १०० बल्ब असून प्लगजवळच्या चिठ्ठीवर ४० वॅट असे छापलेले आहे. माळा अजून व्यवस्थित चालतात, त्यामुळे केवळ वीज वाचावी म्हणून त्या टाकून देणे मनाला पटत नाही. रोषणाई साधारण २० दिवस असते आणि रोज संध्याकाळी सहा तास चालते. एवढ्या वापरासाठी एलईडी घेऊन खरोखर फरक पडतो का, आणि घ्यायच्याच झाल्या तर काय पाहून घ्याव्यात? एलईडीचा उजेड डोळ्यांना खुपतो, अशी घरातील ज्येष्ठांची तक्रार आहे, तीही कृपया विचारात घ्यावी.

प्रतिसाद १

तुमच्या चार माळा मिळून १६० वॅट होतात, म्हणजे सहा तासांत ०.९६ युनिट आणि २० दिवसांत १९ युनिटांहून थोडे अधिक. तेवढ्याच दिव्यांची एलईडी माळ सुमारे ५ वॅट घेते असे धरले, तर चार माळांचे २० दिवसांचे मिळून २.४ युनिट होतात. जुन्या माळा सहाऐवजी तीनच तास लावल्या तरीही वापर याच्या चौपट राहतो. कारण उघड आहे: फिलॅमेंट तापून पांढरी पडते तेव्हा कुठे उजेड मिळतो, आणि विजेचा बहुतेक भाग उष्णतेतच जातो.

मात्र माझ्या मते माळा बदलण्याचे खरे कारण ही उष्णताच आहे. अशा माळांतील बल्ब बहुधा एकापुढे एक जोडलेले असतात आणि एखाद्याची फिलॅमेंट तुटली तरी बल्बाच्या आतल्या दुसऱ्या बारीक तारेमुळे प्रवाह पुढे चालू राहतो. सोय चांगली आहे, पण त्या बल्बाच्या वाट्याचा विजेचा दाब (व्होल्टेज) उरलेल्यांवर वाटला जातो, ते अधिक तापतात आणि एकामागून एक उडू लागतात. त्यामुळे माळेत पाच-सहा बल्ब विझलेले दिसत असतील, तर ती पडद्याजवळ किंवा वाळलेल्या पानाफुलांत अजिबात लावू नये.

प्रतिसाद २

वरील हिशेब बरोबर आहे. खरेदीपुरते सांगायचे, तर अडॅप्टरवर छापलेला आकडा बहुधा त्याच्या कमाल क्षमतेचा असतो, माळेच्या प्रत्यक्ष वापराचा नव्हे, म्हणून माळेचे वॅट वेष्टनावर वेगळे दिले आहेत का ते पाहावे. माळ बाहेर लावायची असल्यास तिच्यावर निदान आयपी ४४ (धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाची श्रेणी) हवे, म्हणजे पाण्याचे शिंतोडे चालतात. पावसाचा थेट मारा बसणार असेल तर आयपी ६५ घ्यावी. अडॅप्टर मात्र शक्यतो घरातच ठेवावा, कारण हा आकडा पुष्कळदा फक्त माळेपुरता असतो.

ज्येष्ठांची तक्रार अगदी रास्त आहे आणि तिची कारणे दोन आहेत. पहिले रंगाचे: ६५०० केल्विनचा उजेड निळसर पांढरा असतो, तर २७०० केल्विनचा जुन्या बल्बासारखा पिवळसर. पिवळसर एलईडी किंचित कमी कार्यक्षम असते, पण माळेच्या बाबतीत तो फरक नगण्य आहे. दुसरे कारण लुकलुकण्याचे. काही साध्या एलईडी माळा सतत उलटसुलट दिशा बदलणाऱ्या (एसी) प्रवाहाच्या अर्ध्या भागातच पेटतात आणि उरलेल्या अर्ध्यात विझतात. हे विकत घेण्यापूर्वीच तपासता येते. पेटलेल्या माळेचे टोक हातात धरून डोळ्यांसमोर झरकन फिरवावे. उजेडाची सलग रेघ दिसली तर ठीक, रेघेऐवजी सुटे सुटे ठिपके दिसले तर ती माळ डोळ्यांना त्रास देणार.

प्रतिसाद ३

एक कबुली देतो. एलईडी फार कमी वीज घेते, या आनंदात मी चार माळांच्या जागी बारा आणल्या आणि रात्री बंद करण्याचेही सोडून दिले. बारा माळांचे ६० वॅट आणि रोजचे बारा तास, म्हणजे ०.७२ युनिट झाले. तुमच्या जुन्या माळांपेक्षा फारसे कमी नाही! शेवटी प्लगवर एक साधा टायमर बसवला. त्याच्या गोल तबकडीवर पाव-पाव तासाच्या खुंट्या असतात, हव्या तेवढ्या आत दाबल्या की काम झाले. आता रात्री अकराला सगळे आपोआप विझते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. एका माळेत सात बल्ब विझलेले निघाले, ती लगेच बाजूला काढली आहे. यंदा दोन एलईडी माळा घेऊन उरलेल्या जुन्या माळा त्यांच्याच टोकाला जोडल्या तर चालेल का?

प्रतिसाद २

कृपया तसे करू नये. एलईडी माळेची तार तिच्या स्वतःच्या अल्प भाराच्या मानाने बारीक ठेवलेली असते, आणि जुन्या माळांचा सगळा प्रवाह तिच्यातून गेला तर ती तापेल. जुन्या माळा वेगळ्या सॉकेटवर लावाव्यात, आणि एक्स्टेन्शनची तार गुंडाळलेली न ठेवता पूर्ण उलगडून ठेवावी.