मदत हवी आहे: सीईओचं तंत्रज्ञानाचं ज्ञान आणि नफा, फिक्स्ड इफेक्ट्स लावले की संबंध गायब

प्रबंधासाठी साठ नोंदणीकृत कंपन्यांचा आठ वर्षांचा डेटा आहे. सीईओ तंत्रज्ञानातला असेल तर १, नसेल तर ०. समोर आरओए, म्हणजे निव्वळ नफा भागिले एकूण मालमत्ता. साध्या रिग्रेशनमध्ये (दोन गोष्टींचा संबंध आकड्यांत मोजण्याची पद्धत) संबंध ठळक दिसतो, कंपनीचे फिक्स्ड इफेक्ट्स, म्हणजे प्रत्येक कंपनीचा न बदलणारा वेगळेपणा बाजूला काढणारी चलं, घातले की उडतो. संबंध नाहीच असं लिहू का?

प्रतिसाद १
घाई नको. फिक्स्ड इफेक्ट्स फक्त कंपनीच्या आतला बदल बघतात. आठही वर्षं एकच सीईओ असेल तर तुमचा १ किंवा ० हलतच नाही, आणि ती कंपनी या प्रश्नावर मुकी राहते. किती कंपन्यांत आकडा एकदा तरी बदललाय ते आधी मोजा.

साध्या रिग्रेशनवरही विश्वास ठेवू नका. सॉफ्टवेअर कंपन्यांत तंत्रज्ञ सीईओ जास्त आणि मालमत्ता कमी, म्हणून आरओए आपोआप चढा. उद्योग आणि वर्ष यांच्या प्रत्येक जोडीसाठी डमी, म्हणजे ०-१ चलं, घाला, मग बघा काय उरतं.

०-१ हे मापही फार जाडंभरडं आहे. तीन रकाने करा: शिक्षण, तंत्रज्ञान विभागातली वर्षं, तिथल्या बजेटची थेट जबाबदारी. ‘डिजिटल परिवर्तनाचे नेतृत्व केले’ याला शून्य गुण. ‘माहिती प्रणाली विभागप्रमुख, पाच वर्षे’ याला गुण. परिचय त्या-त्या वर्षीच्या वार्षिक अहवालातूनच घ्या. संकेतस्थळावरचा परिचय मागाहून रंगवलेला असतो, आणि कंपनी चालली की रंग जरा जास्तच! हे गुण देण्याचं काम (कोडिंग) दोघांनी स्वतंत्रपणे करा; कोहेनचा कप्पा, म्हणजे दोघांचं किती जुळतं याचं माप, ०.७ च्या खाली आला तर नियम नव्याने लिहा.

प्रतिसाद २
एकट्या सीईओवरच का थांबलात? व्यवस्थापनाचे अभ्यासक हॅम्ब्रिक आणि मेसन यांची १९८४ ची मांडणी मुळात वरच्या अख्ख्या फळीबद्दल आहे. एमआयटीच्या संशोधकांनी २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एक अब्ज डॉलरहून जास्त महसुलाच्या कंपन्यांची संचालक मंडळं तपासली, तेव्हा कामगिरीतला फरक किमान तीन डिजिटल जाणकार असलेल्या मंडळांत दिसला. अर्थात तोही सहसंबंधच.

कारण दिशा उलटीही असू शकते: नफा असला की महागडे तंत्रज्ञ नेमणं परवडतं. म्हणून ज्ञानाचे गुण एक, दोन, तीन वर्षं मागचे घ्या, आणि त्याच समीकरणात पुढच्या वर्षीचेही घाला. पुढच्या वर्षीचे गुण यंदाच्या नफ्याशी जुळले तर संशय घ्यायलाच हवा. नवी प्रणाली आणली की प्रशिक्षण, डेटा हलवणं असा बराचसा खर्च लगेच नफ्यातून वजा होतो, त्यामुळे पहिल्या वर्षी गुणक (रिग्रेशनमधून येणारा संबंधाचा आकडा) ऋण आला तर दचकू नका.

धागाकर्ता
मोजलं. बदल फक्त नऊ कंपन्यांत आहे. मग रँडम इफेक्ट्स, म्हणजे कंपन्या-कंपन्यांमधला फरकही वापरणारी पद्धत, वापरू का?

प्रतिसाद १
नऊच? मग फिक्स्ड इफेक्ट्सचं ‘गायब’ म्हणजे पुरावा नाही इतकंच; कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा गुणक ज्या पट्ट्यात असू शकतो तो) किती रुंद आहे ते छापा. नुसते रँडम इफेक्ट्स नकोत, मुंडलाक पद्धत वापरा: रँडम इफेक्ट्समध्ये प्रत्येक कंपनीची ज्ञानगुणांची आठ वर्षांची सरासरी वेगळं चल म्हणून घाला. इतर बदलत्या चलांच्या सरासऱ्याही हव्यात. मग मूळ गुणक कंपनीच्या आतला बदल सांगतो आणि सरासरीचा गुणक दाखवतो की कंपन्या-कंपन्यांमधला संबंध त्याहून किती वेगळा आहे. स्टँडर्ड एरर (गुणकातल्या अनिश्चिततेचं माप) कंपनीनुसार क्लस्टर करा, म्हणजे एकाच कंपनीची वर्षं एकमेकांपासून स्वतंत्र धरू नका. दोन्ही गुणक एकाच तक्त्यात द्या, फक्त सरासरीच्या गुणकाला ‘परिणाम’ म्हणू नका. परीक्षक तिथेच पकडतात.