पुतळा कोरतात की ओततात?

कुणी कुणी 'ब्राँझचा पुतळा कोरला' असं लिहितं, त्यात थोडी भर. दगड कोरतात, शाडू थापतात, ब्राँझ ओततात. कोरण्यात नको ते काढून टाकायचं, वेरूळच्या कैलासासारखं, वरून खाली. चुकून जास्त उडालं तर परत चिकटवता येत नाही. मातीकामात भर घालता येते, आणि ब्राँझचा पुतळाही बहुधा आधी मातीत घडवून मग ओततात, म्हणून त्याचा शिल्पकार बहुतेक वेळ हात मातीतच घालून असतो!

ओतकामाची जुनी रीत म्हणजे मेणाची मूर्ती करून तिच्यावर बारीक मातीचे लेप द्यायचे, ते वाळले की तापवून मेण बाहेर काढायचं आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. हवा निघायला वाट ठेवली नाही तर नेमकं नाकाच्या शेंड्याला भोक राहतं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासा'त (बारावं शतक) ही कृती आहे. त्यात मेण आधी वजन करून घ्यायला सांगितलंय, म्हणजे धातू किती लागेल त्याचा हिशेब आधीच लागतो. मला तर त्यातला हाच भाग सगळ्यात भारी वाटतो.