‘एलियन : रोम्युलस’ जमलाय, आणि त्याचं श्रेय अँडीला

रात्रपाळी :
शेवटासकट लिहितोय. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी आधी पाहून या.

१९७९चा पहिला ‘एलियन’ सिनेमा मी आठवीत असताना काकाकडे केबलवर पाहिला, तेव्हापासून या मालिकेचा भक्त आहे. २०१२चा ‘प्रोमिथियस’ आणि २०१७चा ‘कव्हनंट’ बघून बाहेर पडताना रुखरुख लागली होती. ती २०२४च्या ‘रोम्युलस’ने घालवली, कारण दिग्दर्शक फेडे आल्वारेझने गोष्ट पुन्हा कामगारांच्या हातात दिली. पहिल्या भागात पार्कर आणि ब्रेट झोपेतून उठल्या उठल्या बोनसचा विषय काढतात, आठवतंय ना? ती माणसं शूर अंतराळवीर वगैरे नव्हती, मालवाहू जहाजावरची पगारी माणसं होती. परग्रहावरच्या प्राण्याने त्यांना मारलं खरं, पण त्याच्या तोंडी दिलं ते कंपनीने.

इथे खाणवसाहतीतली तरुण कामगार रेन कराराचे तास भरून कंपनीच्या खिडकीपाशी उभी राहते. जिथे ऊन कधी पडतच नाही अशा त्या वसाहतीतून एकदाचं सुटायचं असतं तिला. पलीकडून थंडपणे उत्तर येतं : कोटा १२ हजार तासांवरून २४ हजार झालाय, अजून पाच-सहा वर्षं थांबा. वर बदली खाणीत. त्याच खाणींनी तिचे आईवडील खाल्ले. माझे बाबा एका कारखान्यात कंत्राटावर होते. दर काही महिन्यांनी ब्रेक देऊन परत घ्यायचे, पुढच्या वेळी पर्मनंट नक्की म्हणायचे. बाबा कार्ड घेऊन घरी यायचे, ते न बोलता फ्रिजवर ठेवायचे आणि हात धुवायला जायचे. रेनचा तो चेहरा पाहिला तेव्हा प्राणी यायला बराच अवकाश होता, पण माझ्या पोटात गोळा आला होता.

आणि अँडी! कंपनीने टाकून दिलेला, रेनच्या वडिलांनी भंगारातून उचलून दुरुस्त केलेला यंत्रमानव. त्याला एकच हुकूम, रेनच्या भल्याचं तेवढं करायचं. वसाहतीतून पळायला रेन आणि तिचे साथीदार एका सोडून दिलेल्या अंतराळ स्थानकावर जातात. तिथे अँडीत रूक या कंपनीच्या यंत्रमानवाची चिप बसते आणि हुकूम बदलतो : कंपनीच्या भल्याचं करायचं. अँडी झालेल्या डेव्हिड जॉन्सनने हा बदल नुसत्या अंगाने दाखवलाय. आधी खांदे पडलेले, बोलणं अडखळत, नजर खाली. चिप बसली की मान सरळ आणि आवाज सपाट. मग ते दार येतं. काचेपलीकडे रेनची मैत्रीण के गयावया करतेय, तिच्या मागे प्राणी आहे, आणि अँडी दार उघडत नाही. त्यात राग नाही, सूड नाही, फक्त हिशेब. त्यांच्यातल्याच बियॉर्नची आई खाणीत एका यंत्रमानवाच्या अशाच हिशेबात गेली, म्हणून तर तो अँडीवर इतका डूख धरून असतो. गेल्या कित्येक वर्षांत या मालिकेत इतकं नीट विणलेलं मी पाहिलं नाही.

चंद्रकोर :
खिडकीच्या प्रसंगाबद्दल शंभर टक्के सहमत. पण रूकचा विषय तुम्ही ‘रूकची चिप’ म्हणून दोन शब्दांत उरकलात. माझा सिनेमा तिथेच सुटला.

रूकला चेहरा दिलाय तो इयन होम यांचा. १९७९च्या भागात त्यांनी अ‍ॅश हा यंत्रमानव केला होता, आणि ते जून २०२० मध्ये गेले. बाहुली, दुसऱ्या नटाचा अभिनय आणि वरून संगणकाची कारागिरी असं करून त्यांना उभं केलंय. कुटुंबाची संमती होती, मान्य. पण ज्या सिनेमात कंपनी माणसाला पिळून घेते, तास भरले तरी सोडत नाही, त्याच सिनेमाने एका गेलेल्या नटाला पुन्हा कामाला जुंपावं? तुमचाच मुद्दा लावून बघा. गरजही नव्हती. पुढच्या भागांत बिशप हा यंत्रमानव आला तेव्हा नवा चेहरा होता, ‘प्रोमिथियस’मध्ये डेव्हिड हा यंत्रमानव आला तेव्हाही नवा. प्रेक्षकांनी ते घेतलेच ना?

घाटमाथा :
चंद्रकोर +१. ते ओठ आणि ते शब्द जुळतच नव्हते.

पण मी उलट्या बाजूने भांडणार. कामगार वगैरे ठीक आहे हो, भयपट म्हणून काय? मधला तासभर अफाट आहे. ज्या खोलीत ते तोंडाला डसणारे फेसहगर सुटलेत तिथलं तापमान अंगाइतकं वाढवतात, म्हणजे त्यांना माणूस ओळखू येऊ नये. मग घामाने निथळत, श्वास रोखून त्यांच्यामधून चालत जायचं. आमच्या ओळीतल्या एका आजोबांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरून ठेवली होती, ती खोली संपेपर्यंत सोडली नाही. गुरुत्वाकर्षण बंद करून गोळ्या झाडतात आणि आम्लाचं रक्त हवेत गोल गोल तरंगत राहतं, तेही याआधी कुणाला सुचलं नव्हतं.

आणि मग शेवटची वीस मिनिटं! ‘प्रोमिथियस’चं ते जिवाचं रूपच बदलणारं काळं द्रव्य परत आणलं, त्यातून केचं ते लांबुडकं अर्धमानवी बाळ. ते काम रोबर्ट बोब्रोत्स्की या सव्वादोन मीटरहून उंच रोमानियन माणसाने केलंय, म्हणजे संगणकाचा खेळ नाही, त्याबद्दल सलाम. पण चित्रकार गिगरने घडवलेला मूळ प्राणी एवढा परिपूर्ण असताना त्याला बाजूला सारून हे कशाला? आणि १९८६च्या भागात नायिका रिप्लीने प्राण्यांच्या राणीला दिलेली ती प्रसिद्ध शिवी अँडीच्या तोंडी घातली, तेव्हा मी कपाळावर हात मारला. रिप्ली सोबतच्या लहान पोरीसाठी जिवावर उदार होऊन ते बोलते. इथे नुसत्या टाळ्या मिळवायच्या होत्या.

रात्रपाळी :
घाटमाथा, शिवीबद्दल वाद घालत नाही, मलाही खटकली. बाळाबद्दल मात्र नाही पटलं. केने ते द्रव्य का टोचून घेतलं? जखमी आहे, पोटात मूल आहे आणि जगायचंय म्हणून. आणि खाणीत टिकेल असा माणूस बनवायला कंपनीला ते हवंच आहे, रूक तसं सरळ बोलतो. कामगार मरतात तर खाण सुधारू नका, कामगारच बदला! त्या बाळाशिवाय हा विचार पूर्णच होत नाही.

चंद्रकोर, तुमचं उत्तर दोनदा वाचलं. खरं सांगतो, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. घरी बघायच्या आवृत्तीत रूकची दृश्यं सुधारलीत, तिथे चेहरा कमी टोचतो. तेवढं एकदा बघाल का? आणि शेवटी रेन ती चिप उपटून काढते, अँडीला नवा हुकूम देते : आपल्या दोघांच्या भल्याचं कर. ‘दोघांच्या’ला मी रडलो.

चंद्रकोर :
बघते. त्या ‘दोघांच्या’ला मीही रडले होते, ते लिहायचं राहिलं. पण रात्रपाळी, चेहरा नीट बसला की माझी तक्रार वाढेल, कमी नाही होणार. तो वाईट दिसला हे माझं दुःख नाही. त्यांना तिथे उभं करायलाच नको होतं.