वेगवेगळ्या धर्मांच्या ज्येष्ठांना आनापान शिकवताना बुद्धाचं नाव किती घ्यावं?

निवृत्त_नर्स_वसई

नमस्कार मंडळी. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत मी संध्याकाळी अर्धा तास श्वासाचं ध्यान घेते. इगतपुरीला विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं केली आहेत, त्यातलं फक्त आनापान घेते. नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास जाणायचा, बस्स. लोक आधी बीपीसाठी आले, आता निम्मे गप्पांसाठी येतात. येऊ देत.

पण माणसं बघा. एक कुपारी, म्हणजे वसईकडचं ख्रिस्ती जोडपं, दोघंही चर्चच्या गायनवृंदात. सोपाऱ्याचे चाचा, एसटीत कंडक्टर होते, पाच वेळचे नमाजी. माळकरी माई. दोन जैन बहिणी. आणि बुद्धविहारात रोज वंदना घेणारे एक दादा.

परवा मोबाइलवर ध्वनिफीत लावली. शेवटी ‘भवतु सब्ब मंगलं’ (सगळ्यांचं भलं होवो) हा मंगलपाठ आला. दादा ‘साधू साधू साधू’ म्हणाले, माईंनी सवयीनं हात जोडले, चाचा मांडीवरचे हात न हलवता पंख्याकडे बघत बसले आणि गायनवृंदातल्या बाईंनी मला कोपरानं ढोसून विचारलं, “सिस्टर, हे आम्हीपण म्हणायचं असतं का?”

तर प्रश्न असा: बुद्धाचं नाव घ्यावं की गाळावं? दुसरं, माई प्रत्येक श्वासाला ‘विठ्ठल’ म्हणतात. थांबवू का? कधी कधी वाटतं, “सगळं एकच आहे हो” म्हणावं आणि सुटावं.

गोराईचा_सेवक

ताई, ‘सगळं एकच’ तेवढं म्हणू नका. नमाज काय असते ते चाचांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. त्यांच्या नमाजला आनापान म्हटलंत तर तुम्ही दोन्हीचा अपमान केलात. श्वास बघणं ही बुद्धानं शिकवलेली गोष्ट आहे, हे पहिल्या दिवशी एकदा स्पष्ट सांगा. त्यापुढे कुणाकडून काही वदवून घेऊ नका.

ही शिबिरं सुरू करणाऱ्या गोएंकाजींची स्वतःची अडचण हीच होती. मंडालेतलं कट्टर सनातनी मारवाडी घर, अर्धशिशीनं हैराण आणि मनात धास्ती की बौद्ध गुरूकडे गेलो तर धर्म बुडेल. सयाजी ऊ बा खिन हे बर्मा सरकारचे महालेखापाल. ते म्हणाले, मी शील, समाधी, प्रज्ञा एवढंच शिकवतो, यातल्या कशाला हरकत आहे तुमची? १९५५ मध्ये गोएंकाजी शिबिराला बसले. १९६९ मध्ये भारतात येऊन शिकवायला लागले, तेव्हा त्यांच्यापुढेही तुमच्यासारखीच मिसळ बसायची. १९९४ मध्ये तिहार तुरुंगात हजारावर कैदी एका शिबिरात बसले. त्यात सगळ्या धर्मांचे होते.

पण एक लक्षात घ्या. दहा दिवसांच्या शिबिरात सुरुवातीला त्रिरत्नाला, म्हणजे बुद्ध, धम्म, संघाला शरण जातात, पंचशील घेतात, जप-माळ-प्रार्थना तेवढे दिवस बाजूला ठेवतात. तिथं माणूस नियम वाचून, सही करून येतो. तुमच्याकडे चाचा चहा पिता पिता आलेत. शिबिराचे नियम त्यांना लावता येणार नाहीत, मग शिबिराचे पाठ तरी का लावायचे? मंगलपाठाच्या आधी फीत बंद करा, मिनिटभर गप्प बसा, उठा. आणि विपश्यना शिकवायला नेमलेले आचार्य लागतात, त्यामुळे आनापानाच्या पुढे जाऊ नका. दहा मिनिटांची मिनी आनापानाची फीत सगळ्यांना खुली आहे.

माईंचं म्हणाल तर आनापानात शब्द नको असतो, कारण शब्द ताल धरतो आणि मन श्वास सोडून तालावर झुलायला लागतं. हे त्यांना सांगा. तरी त्यांनी नाम घेतलं तर घेऊ द्या. ते नामस्मरण झालं, आनापान नाही, इतकंच. या वयात माईंकडून विठ्ठल काढून घ्यायला आपण कोण?

बोधी_नालासोपारा

वरच्यांशी निम्मा सहमत. नाव एकदाच घेऊन मग चिडीचूप, हे मला खटकतं. मोठ्या कंपन्यांत ‘माइंडफुलनेस’ शिकवतात, त्यात बुद्ध कुठे दिसतो का? आमच्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतली, ती काही श्वास शांत व्हावा म्हणून नव्हती. बाबासाहेबांचा बुद्ध समाजातली विषमता मोडायला सांगतो. म्हणूनच आमच्यातले बरेच जण विपश्यनेकडे जरा संशयानंच बघतात. नुसतं डोळे मिटून बसायचं, आणि बाहेरची जात तशीच?

ताई, तुमच्या वर्गापासून सोपाऱ्याचा स्तूप किती लांब आहे? १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला. अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही सोपाऱ्यातच सापडले. गिरनारच्या लेखात हाच अशोक सांगतो की आपल्या पंथाच्या प्रेमापायी दुसऱ्याच्या पंथाला कमी लेखणारा आपल्याच पंथाचं नुकसान करतो. एका रविवारी सगळ्यांना स्तूपावर न्या. चाचा तर सोपाऱ्याचेच, तेच दाखवतील.

आणि दादांना ‘साधू’ म्हणू द्या. बाकीच्यांना अवघड वाटतं म्हणून प्रत्येक वेळी आम्हीच आवाज खाली करायचा, हे पुरे झालं.

गिरीजकर

मी कॅथलिक, माझी बायकोही अशा वर्गाला जाते. गायनवृंदातल्या बाईंना नेमकी भीती कशाची असेल ते सांगतो. रोमनं १९८९ मध्ये ध्यानाबद्दल पत्र काढलं होतं. इतर धर्मांतल्या पद्धती सरसकट टाकू नका, पण ख्रिस्ती प्रार्थनेचा गाभा त्यात झाकला जाऊ नये, असा त्याचा सूर. आमचे मुंबईत जन्मलेले जेझुइट फादर अँथनी डिमेलो लोणावळ्यात लोकांना श्वास आणि शरीराच्या संवेदनांवर बसवायचे. ते १९८७ मध्ये वारले. त्यांच्या लिखाणावर रोमचा आक्षेप मात्र १९९८ मध्ये आला, कार्डिनल रॅट्झिंगरांच्या सहीनं. तो लिखाणातल्या देवाबद्दलच्या काही विधानांवर होता, श्वासावर नव्हे. हे आमच्याकडे अर्धवट ऐकलेलं असतं, म्हणून माणसं बिचकतात.

त्या बाईंना म्हणा, हे प्रार्थनेच्या जागी नाही, घरी जाऊन रोझरी म्हणा. माझ्या बायकोचं त्यावर भागलं.

निवृत्त_नर्स_वसई

सगळ्यांचे आभार. मंगलपाठ फितीतून काढते. पण बोधीचं पटलं, दादांना गप्प करणार नाही. बसणं संपलं की ज्याला जे म्हणायचं ते त्यानं म्हणावं, मीही म्हणेन. रविवारच्या स्तूपाचं चाचांना विचारलं. लगेच रिक्षा कोण ठरवणार ते त्यांनीच सांगून टाकलं.

वेळही सहाऐवजी पाचची करते. थंडीत सहालाच सूर्य मावळतो आणि चाचांची मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजची घाई होते, ते संकोचानं बोलत नव्हते. माईंशी अजून बोलले नाही.

आता एक साधं विचारते, गुडघेवाल्यांना खुर्चीत बसवलं की ते पाठ टेकून सरळ झोपी जातात. कुणाकडे उपाय?

गोराईचा_सेवक

पाठ नसलेलं स्टूल, भिंतीपासून लांब. आणि पाचच्या आधी चहा द्या, नंतर नको.