मदत हवी आहे: क्लोन केलेल्या डिस्कवर लॉगिन होताच लगेच साइन-आउट

विंडोज १०, जुन्या हार्ड डिस्कवरून एसएसडीवर क्लोन (हुबेहूब प्रत). पासवर्ड बरोबर घेतला जातो, 'वेलकम' दिसतं आणि दोन सेकंदांत पुन्हा लॉगिन स्क्रीन. सेफ मोडमध्येही तेच. बिटलॉकर (डिस्क एन्क्रिप्शन) बंद आहे, जुनी डिस्क काढून ठेवली आहे.

आतापर्यंत केलेलं: इन्स्टॉलेशन यूएसबीवरून बूट, शिफ्ट + एफ१० ने कमांड प्रॉम्प्ट, त्यातून रेजएडिट (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा, म्हणजे रजिस्ट्री, बदलायचं साधन). एचकेईवाय लोकल मशीन निवडून 'लोड हाइव्ह'ने एसएसडीवरची सॉफ्टवेअर हाइव्ह (रजिस्ट्रीची एक फाइल) उघडली (तिथे एसएसडी डी: दिसते, एक्स: म्हणजे यूएसबीवरून चालणारं तात्पुरतं विंडोज, तिथली रजिस्ट्री एसएसडीची नाही). विनलॉगऑनमध्ये (लॉगिनच्या सेटिंग्ज) युजरइनिटच्या नोंदीत सी: वरच्या युजरइनिट डॉट ईएक्सईचा (लॉगिननंतर डेस्कटॉप सुरू करणारा प्रोग्रॅम) पत्ता, शेवटी स्वल्पविरामासह, बरोबर आहे. शेल (डेस्कटॉप दाखवणारा प्रोग्रॅम) म्हणून एक्सप्लोरर डॉट ईएक्सईच आहे. इमेज फाइल एक्झिक्यूशन ऑप्शन्समध्ये युजरइनिटच्या नावाने डीबगर (त्याच्याऐवजी दुसरा प्रोग्रॅम चालवणारी नोंद) नाही. प्रोफाइललिस्टमध्ये (युजर खात्यांची यादी) बिघडलेल्या प्रोफाइलची खूण असलेली 'डॉट बॅक' नोंद नाही.

म्हणून संशय सिस्टम हाइव्हमधल्या माउंटेडडिव्हाइसेसवर (कोणत्या पार्टिशनला कोणतं अक्षर, याची यादी). तिथली सी: ची नोंद १२ बाइटची, म्हणजे एमबीआरची (डिस्कच्या पार्टिशन मांडणीची जुनी पद्धत) डिस्क सिग्नेचर (डिस्कचा ओळख क्रमांक) आणि ऑफसेट (पार्टिशनची सुरुवात); नवी डिस्क मात्र जीपीटी (नवी पद्धत). विंडोजने स्वतःच्या पार्टिशनला दुसरं अक्षर दिलं असेल, तर सी: वर युजरइनिट सापडणारच नाही आणि साइन-आउट होणारच.

प्रश्न एवढाच: फक्त सी: ची नोंद काढायची, की डिफॉल्ट सोडून सगळ्या? की चालू नोंदींत अक्षरांची नावंच बदलणं जास्त सुरक्षित? सिस्टम फाइलची प्रत ठेवली आहे, 'अनलोड हाइव्ह' केल्याशिवाय रीस्टार्ट करणार नाही. हे प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया सांगावं.