बाइककॅड: रिजिड फोर्क टाकला तरी हेड अँगल हलत नाही, मदत हवी आहे

मंडळी,

माझ्या २९ इंची हार्डटेल सायकलच्या (सस्पेन्शन फक्त पुढच्या फोर्कला) सस्पेन्शनमधून तेल गळतंय. दुरुस्तीचा खर्च ऐकून वाटलं, सरळ स्टीलचा रिजिड (न दबणारा) फोर्कच बसवावा. सकाळी वेताळ टेकडी आणि दिवाळीनंतर कोकणातले कच्चे रस्ते, एवढंच माझं चालवणं. उड्या मारायचं वय गेलं.

पैसे घालण्याआधी चित्र बघावं म्हणून बाइककॅड या सायकलचं रेखाटन करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ब्राउझरमधल्या फुकट आवृत्तीत माझी फ्रेम उतरवली. हेड अँगल (हँडलच्या अक्षाचा जमिनीशी कोन) ६९ अंश. फोर्कची लांबी (ॲक्सलच्या मध्यापासून क्राउन रेसपर्यंत, म्हणजे दोन्ही पाती वर जुळतात त्या क्राउनवरच्या बेअरिंगच्या बैठकीपर्यंत) ५०५ मिमी, ट्रॅव्हल (फोर्क किती दबतो) १००, ऑफसेट (ॲक्सल हँडलच्या अक्षाच्या किती पुढे) ४६. टायर २.२५.

मग सरळ पात्यांचा रिजिड फोर्क टाकला, लांबी ४८३, ऑफसेट ४७. वाटलं होतं पुढचं टोक खाली बसेल आणि अँगल उभा होईल. तर अँगल ६९ चा ६९, बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस बसतो ती जागा) जागच्या जागी, आणि फ्रेमच्या नळ्याच बदलल्या! माझी फ्रेम काय रबराची आहे?

आणखी एक. पात्यांना वाकच नाही, तर ४७ मिमी ऑफसेट येतो कुठून?

घाटवाट:
तुमचं काही चुकलेलं नाही. ते सॉफ्टवेअर मुळात नवी फ्रेम बांधणाऱ्यांचं. हेड अँगल तुम्ही दिलात, म्हणून तो पाळून ते नळ्या जुळवून घेतं. तुमची फ्रेम मात्र जोडून झालेली आहे, ती मागच्या ॲक्सलभोवती अख्खी फिरणार. ते फिरवणं हातानेच करा. फोर्क २० मिमी आखूड झाला की साधारण १ अंश. हेड अँगल ७० करा, सीट अँगलही (सीटच्या नळीचा कोन) १ अंशाने वाढवा, बॉटम ब्रॅकेट ८ मिमी खाली घ्या. नळ्यांची लांबी पहिल्यासारखी दिसली की चित्र खरं.

सरळ पाती क्राउनमध्येच तिरकी बसवतात. तुमच्या आकड्यांना साडेपाच अंश पुरतात. पाती मुळातच अक्षाच्या पुढून निघत असतील तर त्याहून कमी.

चेनलूब:
४८३ कसं मोजलंय ते विक्रेत्याला विचारा. क्राउनपासून ॲक्सलपर्यंत थेट तिरकं असेल तर स्टिअरिंगच्या अक्षावर ते ४८०.७ भरतं. दोन मिमीने जीव जात नाही, पण सॉफ्टवेअर कोणतं माप मागतंय ते बघून घ्या.

आणि तुलना ५०५ शी कशाला करताय? तुम्ही बसलात की सस्पेन्शन २० मिमी तरी दबतं, म्हणजे आजही ४८५ वरच चालवताय. कागदावर ट्रेल (हँडलचा अक्ष जमिनीला मिळतो तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) ९२ वरून ८४ वर आलेली दिसेल, हँडलला फारसं कळणार नाही.

धागाकर्ता:
जमलं! ७० अंशाला नळ्या मिमीभराच्या फरकाने जुळल्या. एका दुकानात ४४५ चा फोर्क निम्म्या किमतीत मिळतोय. तो चालेल का?

घाटवाट:
नको. ६० मिमी म्हणजे ३ अंश, आणि बॉटम ब्रॅकेट २० मिमीहून जास्त खाली. टेकडीवरचा प्रत्येक दगड पेडलला लागेल. तो जुन्या २६ इंचीसाठी असणार, २९ चं चाक त्यात फिरेल का तेही आधी बघा. आणि पैसे वाचवायला ओळखीच्या वेल्डरकडे तर मुळीच जाऊ नका. फोर्क मोडला की थेट तोंडावर.

धागाकर्ता:
वेल्डरचं तुम्हाला कसं कळलं? ४८३ मागवतोय.